दोन इंच पाण्याची राखण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. जुळे सोलापुरात १२०० चौरस फुटांचा प्लॉट, तळमजला आणि वर एक मजला असं घर चाललंय. वरच्या बेडरूमला लागून ८ बाय ५ फुटांची बाथरूम, त्यातच कमोड. खाली आईवडिलांसाठी देशी संडास आणि शेजारी न्हाणी. तळमजल्यावरचा स्लॅब दहा दिवसांवर आलाय. मिस्त्री म्हणतो, "साहेब, एअर पाईप अपार्टमेंटला लागतो, घराला कशाला? वरच्या संडासाचं कनेक्शन झालं की तिथंच टोपी मारू, वास पण आतच कोंडून राहील." पाईप कुठले, ढाळ किती, सनकन (बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब) किती आणि एअर पाईप, म्हणजे ड्रेनेजच्या उभ्या पाईपाचं गच्चीवर मोकळं सोडलेलं टोक, खरंच हवा का, हे तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. एअर पाईप हवा. टोपी मारली की वास पाईपात कोंडत नाही, घरात येतो. का येतो ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्याच्या पोटात कायम थोडं पाणी अडकून राहतं, त्याची खोली ५० मिमी, म्हणजे दोन इंच. कमोडच्या वळणात साधारण तेवढंच पाणी, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्येही तसंच. तुमचं घर आणि अख्ख्या गावाचं गटार यांच्यामध्ये आडवं उभं असलेलं काय ते एवढंच. गटारातला वायू, झुरळं, डास, सगळ्यांना हे दोन इंच पाणी थोपवून धरतं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीनं १७७५ साली संडासाच्या अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, माणसं चंद्रावर जाऊन आली, पण यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ दार अजून कुणी काढलेलं नाही.

मैला आणि पाणी उतार मिळाला की आपसूक जातं. ड्रेनेजच्या प्लॅनिंगमध्ये डोकं चालवायचं ते हे दोन इंच पाणी जागच्या जागी ठेवायला.

आता हवेचं. आपल्या घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो. एकच भोक पाडून तेल ओतलं तर ते डबडब करत, थांबत थांबत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार एकसारखी लागते. कारण जेवढं तेल बाहेर जाणार तेवढी हवा आत यायला हवी. पाईपाचं अगदी तसंच. फ्लशचं सहा लिटर पाणी चार इंची पाईपातून खाली पडतं तेव्हा मागची हवा ओढून नेतं आणि पुढची हवा ढकलत जातं. वर मोकळं तोंड असेल तर हवा गच्चीवरून येते. तिथं टोपी असेल तर ती जिथून मिळेल तिथून येणार, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे तुमचा नहाणी ट्रॅप. दोन इंच पाण्याची ताकद ती किती? उसाचा रस स्ट्रॉनं ओढताना पोरगं याहून जास्त जोर लावतं.

एक गोष्ट सांगतो. होटगी रोडच्या बाजूला एका नव्या घरी मला बोलावलं होतं. वास्तुशांतीला सहा महिने झालेले, वरच्या बाथरूममध्ये रोज पहाटे वास. फिनेल ओतून झालेलं, अ‍ॅसिड ओतून झालेलं, जाळीवर पाट झाकून झालेला. मी जाळी उचलून टॉर्च मारला. पाणी होतं, पण इतकं खाली गेलेलं की बोट घातलं तर पेरभरही ओलं होईना. माझा मिस्त्री दारात उकिडवा बसून विडी ओढत होता. त्याला म्हटलं, विडी जरा ट्रॅपच्या तोंडाशी धर. आणि घरमालकांना फ्लश दाबायला सांगितला. सरळ वर चढणारी धुराची रेघ एकदम वाकली, ट्रॅपच्या तोंडात शिरली, आणि पाठोपाठ आतून गुडगुड, गुडगुड. घरमालक नुसते बघतच राहिले. अंघोळ, संडास, बेसिन सगळं एकाच पाईपात सोडलेलं होतं आणि पाईपाचं टोक डक्टमध्ये टोपी लावून बंद. दिवसभर अंघोळी चालू असल्यामुळं ट्रॅप भरलेला राही, रात्री कुणी फ्लश केला की रिकामा होई, आणि पहाटेपर्यंत खोली भरून वास. आम्ही टोपी कापली, दहा फुटी दोन लेंथ चढवून पाईप गच्चीच्या वर नेला, काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारं जाळीदार झाकण, बसवला. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून पुन्हा विडी धरली, पुन्हा फ्लश. धूर जागचा हलला नाही.

म्हणजे एअर पाईप हा काही वेगळा मोठा कारभार नाही. तुमच्या दोन मजली घरात संडासाचा उभा पाईप आहे त्याच मापात गच्चीच्या वर नेऊन मोकळा सोडला, की बहुतेक काम झालं. उंच इमारतीत ट्रॅपच्या मागून वेगळी हवेची नळी चढवावी लागते. तुमच्याकडं आडवे पाईप आखूड ठेवले तर तिची गरज नाही. मिस्त्रीचं तेवढं म्हणणं बरोबर. चुकतोय तो टोपीत. वर नेताना "हवाच तर जायचीय" म्हणून चार इंचीचा दीड इंची करू नका. साहित्यात फार तर दोन लेंथच्या किमतीतला फरक वाचतो, आणि पुढं कोळ्याच्या जाळ्यानं नाहीतर चिमणीच्या काड्यांनी ती बारीक नळी बुजते.

कुणी तुम्हाला भिंतीत बसवायचा एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह दाखवेल. हवा आत घेतो, वास बाहेर सोडत नाही, वस्तू वाईट नाही. पण पाईपात दाब वाढला तर तो बाहेर जाऊ देण्याची सोय त्यात नाही, आणि आतलं रबर कधीतरी चिकटतंच. जिथं पाईप गच्चीवर नेणं अशक्य आहे अशा जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत मी तो वापरतो, तोही घराचा निदान एक पाईप वर उघडा असेल तरच. नव्या घरात त्याचं काम नाही.

आता तुमचे दहा दिवस. स्लॅब पडल्यावर बदलता येत नाहीत अशा गोष्टी आधी बघू.

पहिलं काम, दुकानात जाऊन कमोड ठरवा. बहुतेक जण टाईल्स झाल्यावर कमोड घ्यायला जातात आणि मग पाईप एकीकडं, कमोड दुसरीकडं. कमोड दोन जातीचे. एस ट्रॅपचा पाईप खाली जमिनीत जातो आणि त्याचा मध्य तयार भिंतीपासून ९ इंच की १२ इंच, हे मॉडेलवर ठरतं. तयार भिंत म्हणजे प्लास्टर आणि टाईल धरून. विटेपासून मोजलं की दीड-दोन इंचाचा घोटाळा झालाच. पी ट्रॅपचा पाईप मागं भिंतीत जातो, तयार फरशीपासून साधारण ७ इंचांवर. तुमचा कमोड बाहेरच्या भिंतीला लागून बसतोय, तर डोळे झाकून पी ट्रॅप घ्या. भिंतीला भोक, पलीकडं उभा पाईप, संपलं. चार इंची पाईप स्लॅबच्या पोटात घालायचीच वेळ येत नाही. उद्या गळला तरी बाहेर दिसतो आणि शिडी लावून दुरुस्त होतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. सनकन स्लॅब खाली जातो, पण बाहेरच्या भिंतीखालचा बीम बहुतेक वेळा वरच्या लेव्हललाच असतो. मग सनकनमधला नहाणीचा पाईप बाहेर जायचा कसा? बीम आडवा. मिस्त्री नंतर ड्रिल लावून बीमला भोक पाडतो, कधी सळईही कापतो, आणि वर प्लास्टर ओढून मोकळा होतो. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नव्या साईटवर गेलो की आधी बीमच बघतो. आजच तुमच्या आरसीसी डिझाईनवाल्या इंजिनिअरला विचारा. एक तर तो त्या बाजूचा बीम खाली घेईल, नाहीतर बीममध्ये कुठं आणि केवढं भोक चालेल ते कागदावर मांडून देईल. तिथं सेंट्रिंगमध्येच ११० मिमी पाईपाचा तुकडा स्लीव्ह म्हणून बांधून टाका, म्हणजे त्यातून ७५ चा पाईप आरामात सरकेल. स्लीव्हची दोन्ही तोंडं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यानं गच्च बुजवा, नाहीतर काँक्रीट आत शिरून पाईपाचा दगड होतो.

सनकन किती? एस ट्रॅप घ्यायचाच झाला तर हिशोब असा: फरशीच्या तोंडापासून चार इंची बेंडच्या तळापर्यंत ८ इंच, सात फुटांच्या आडव्या पाईपाचा ढाळ सुमारे २ इंच, खाली वॉटरप्रूफिंग आणि कोबा २ इंच. झाले १२. बाथरूमची फरशी स्लॅबच्या वर दोनेक इंच येते, तेवढं जमेला धरलं तरी १० इंच लागतातच. मी १२ ठेवतो. पी ट्रॅप घेतला तर आत फक्त नहाणी ट्रॅप राहतो, ९ इंचांत भागतं. देशी भांडं वरच्या मजल्यावर असतं तर १८ इंच सांगितले असते, कारण भांडं आणि त्याखाली ट्रॅप एकावर एक बसतात. तुमचं देशी भांडं खाली जमिनीवर आहे, तिथं सनकनचा प्रश्न नाही. सनकन विनाकारण खोल करू नका. जितकं खोल तितकं भरावाचं वजन स्लॅबवर आणि तितकं पाणी आत साठायला जागा.

आणि सनकनच्या तळातून, अगदी स्लॅबला टेकून, एक बारीक नळी बाहेर काढून ठेवा. तिला काही जोडायचं नाही. पुढं कधी फरशीखाली पाणी झिरपलं तर ते खालच्या खोलीचं छत भिजवण्याआधी त्या नळीतून टपकताना दिसेल. या नळीनं मला किती घरमालकांच्या शिव्यांपासून वाचवलंय, मोजलेलं नाही.

पाईपांकडं येऊ. संडासाची आणि अंघोळीची लाईन वेगळी ठेवा, असं माझं ठाम मत आहे. संडासाला ११० मिमी, ज्याला आपण चार इंची म्हणतो. नहाणी ट्रॅपपासून आणि अंघोळीच्या उभ्या लाईनला ७५. बेसिनला ५०, दुकानदार ४० देईल, चालतं, पण ५० नं पुढची कटकट वाचते. दोन्ही उभे पाईप स्वतंत्रपणे गच्चीच्या वर मोकळे सोडायचे. अंघोळीच्या लाईनला हवेची गरज नाही असं समजू नका. आपल्याकडं बादलीची सवय. कपडे भिजवलेली बादली एका दणक्यात मोरीत पालथी केली की ७५ चा पाईप काठोकाठ भरून वाहतो, आणि काठोकाठ भरलेला पाईप फ्लशसारखाच ट्रॅप ओढतो.

दोन लाईनींचं दुसरं कारण सोलापुरी आहे. चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरून ठेवण्यात या गावाच्या पिढ्या गेल्या. अंघोळीचं पाणी वेगळं निघत असेल तर आज ना उद्या ते परसातल्या नारळाला, केळीला वळवता येतं. एकाच पाईपात कालवलं की तो विषय कायमचा संपला.

पाईप घेताना त्यावर छापलेलं वाचा. आयएस १३५९२ हवं, आणि टाईप बी हवं. टाईप ए हा हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो. ११० मिमीत ए ची जाडी २.२ मिमी, बी ची ३.२. दुकानात दोन्ही एकसारखे दिसतात, बिलात फरक दिसतो, आणि नेमका तो फरक कुणाच्या तरी खिशात जातो. जमिनीखालून जाणाऱ्या लाईनला वेगळा पाईप येतो, आयएस १५३२८ चा. भिंतीवरचा उरलेला तुकडा जमिनीत गाडू देऊ नका.

ढाळ फुटाला पाव इंच. लक्षात ठेवायला एवढं पुरे. त्याहून कमी केला तर घाण रेंगाळते. काही जण फुटाला इंच-इंच देतात, "पळू दे की जोरात". मग पाणी पळून जातं आणि घट्ट मैला मागं राहतो. हल्लीचे फ्लश सहा आणि तीन लिटरचे, पूर्वीसारखे दहा-बारा लिटरचे नाहीत, त्यामुळं ढाळाची चूक आता लवकर उघडी पडते. ढाळ डोळ्यानं बघायचा नाही. लेव्हल पाईपनं दोन्ही टोकं मोजायची. आडव्या पाईपाखाली दर तीन फुटांवर विटेचा तुकडा मसाल्यात बसवायचा. नुसत्या भरावावर ठेवलेला पाईप कोबा करताना मजुराच्या पायाखाली दबतो आणि मधे पोट येतं. त्या पोटात साबण आणि केस साठत जातात. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस होण्याऐवजी त्याची साय बनते, ती आणखी चिकट.

जोड देताना टी पेक्षा वाय घ्या, म्हणजे पाणी वाहण्याच्या दिशेनं मिळतं. उभा पाईप खाली येऊन आडवा वळतो तिथं एका ९० च्या एल्बोऐवजी ४५ चे दोन बेंड. आणि प्रत्येक वळणावर उघडायची सोय, म्हणजे डोअर बेंड, त्याचं झाकण हात पोचेल अशा बाजूला. झाकण भिंतीकडं तोंड करून बसवलेलं मी पाहिलंय, एकदा नव्हे.

बाहेरच्या भिंतीवरच्या उभ्या पाईपाला रबर रिंगचे जोड वापरा, सोल्युशननं चिकटवू नका. आपल्याकडं पश्चिमेची भिंत मे महिन्यात हात लावू देत नाही आणि डिसेंबरच्या पहाटे गारठते. दहा फुटी पाईप तेवढ्या फरकात सात-आठ मिमी लांबतो-आखडतो. म्हणून पाईप सॉकेटमध्ये तळापर्यंत ठोकून झाला की खूण करून १० मिमी मागं ओढायचा. मिस्त्री ठोकतो, ओढत नाही. मग दुसऱ्या उन्हाळ्यात पाईप धनुष्यासारखा वाकतो किंवा जोड निसटतो. वरून पांढरा रंग मारा. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतं.

खालच्या मजल्याचं एक पथ्य. खालचा संडास आणि न्हाणी वरच्या उभ्या पाईपाला जोडायची नाही. त्यांची लाईन थेट बाहेर चेंबरला. वरून पडणारं पाणी तळाशी आपटून वळतं तिथं हवेचा दाब उलटा येतो, आणि तिथं जवळपास ट्रॅप असेल तर त्यातलं पाणी वर उसळतं. आईवडिलांच्या बाथरूममध्ये जाळीतून बुडबुडे आणि वरच्यांच्या अंघोळीचा फेस, हे दृश्य टाळायचं असेल तर एवढं करा. अंघोळीची दोन्ही पाणी गली ट्रॅपमधून (घराबाहेर जमिनीलगत बसवलेला ट्रॅप) चेंबरला जातील, संडासाची थेट.

गच्चीवर पाईप किती उंच? गच्चीवर जाणं-येणं असेल तर कठड्याच्या वर २ मीटर, आणि ५ मीटरच्या आत कुणाची खिडकी असेल तर तिच्या माथ्यापासूनही २ मीटर वर. शेजाऱ्याची खिडकीसुद्धा मोजा, नाहीतर भांडण आयुष्यभर. जागा निवडताना पाण्याची टाकी आणि उन्हाळी वाळवणं कुठं असतात हेही घरातल्या बायकांना विचारून घ्या. वाऱ्याच्या तोंडाला पाईप आणि पलीकडं कुरडया, असा प्रकार मी एकदा करून बसलोय. त्या माउलीनं मला गच्चीवरून खाली येईपर्यंत सोडलं नाही.

माझ्या स्वतःच्या घरातली चूकही सांगून टाकतो. बेसिन हौसेनं पॅसेजमध्ये घेतलं, तिथून ४० ची नळी नऊ फूट ओढत नेली. बेसिन भरून सोडलं की शेवटी जोरात घुर्र आवाज आणि बॉटल ट्रॅप कोरडा. लांब बारीक नळी पाण्यानं भरते आणि स्वतःचाच ट्रॅप स्वतः ओढते. दोन वर्षं बायकोचं ऐकून घेतलं आणि मग भिंत फोडून ५० ची नळी टाकली, तिला वर हवेचा फाटा दिला. बेसिनची नळी पाच-साडेपाच फुटांत संपवा. तुमच्या ८ बाय ५ मध्ये ते सहज जमतं.

आणि ती संपवा कुठं, तर नहाणी ट्रॅपमध्येच. मल्टी फ्लोअर ट्रॅपला बाजूला तोंडं असतात, त्यातल्या एकात बेसिन घाला. कारण सोलापूरच्या हवेत ट्रॅप वाळतो. कोपऱ्यातली जाळी, जिथं रोज पाणी पडत नाही, ती उन्हाळ्यात काही आठवड्यांत कोरडी होऊन वास मारते आणि घरचे म्हणतात प्लंबिंग खराब. बेसिनचं पाणी दिवसातून दहा वेळा ट्रॅपमधून गेलं तर तो कधी वाळतच नाही. याच कारणानं बाथरूममध्ये जाळ्या वाढवू नका. ८ बाय ५ ला एक पुरे, ढाळ तिच्याकडं.

वॉशिंग मशीन बाथरूममध्ये ठेवणार असाल तर तिची नळी जाळीवर लोंबकळत सोडायची नाही. ५० चा उभा पाईप, तोंड दोन-अडीच फुटांवर, खाली ट्रॅप.

जमिनीखालचं काम सुरू करण्याआधी रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून वरूनच काठीनं तळाची खोली मोजा. आत कुणालाही उतरवू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. आतला वायू दिसत नाही आणि माणूस हाक मारायच्या आत पडतो. सफाईसाठी माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदीच आहे. खोली कळली की मागून हिशोब: मागच्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत ४० फूट असतील तर ढाळाला १० इंच लागले. पहिला चेंबर दीड फूट खोल धरला तर शेवटचा दोन फूट चार इंच. रस्त्याची लाईन त्याहून वर असेल तर जोतं उचलावं लागेल, आणि ते आत्ता कळणं बरं. जोतं आधीच झालं असेल तर निदान चेंबरच्या जागा तरी त्या हिशोबानं ठरवा.

तुमचा प्लॉट काळ्या रानातला असेल तर पाईप थेट मातीत ठेवू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाईप तिच्याबरोबर वर-खाली होतो. चर चार इंच जादा खोल घ्या, खाली मुरूम किंवा कच टाकून दाबा, पाईपाच्या कडेनंही तेच भरा. भिंतीतून पाईप जातो तिथं भोक सैल ठेवा, मसाल्यानं आवळू नका. प्रत्येक वळणावर चेंबर, तळाला अर्धगोल चर आणि दोन्ही बाजूंनी घोटीव ढाळ. सपाट तळाचा चेंबर म्हणजे डबकं. गच्चीच्या पावसाचं पाणी यात सोडू नका.

फरशी बसवण्याआधी दोन परीक्षा घ्या. उभ्या पाईपाचं खालचं तोंड प्लगनं बंद करून वरपर्यंत पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी तीच हवी. सनकनमध्ये वॉटरप्रूफिंगनंतर चार इंच पाणी तीन दिवस कोंडा. इथं गफलत होते: आपल्याकडच्या उन्हात पाणी नुसतं वाळूनही उतरतं, आणि मिस्त्री म्हणतो "वाळलं साहेब". म्हणून बाजूलाच रुंद तोंडाचं घमेलं भरून ठेवा आणि दोन्हीकडं खडूनं रेघ मारा. घमेल्यात जेवढं उतरलं तेवढं उन्हाचं, त्यावर जे उतरलं ते गळतीचं. पास झालं की टेप धरून पाईपांचे फोटो काढा, भिंतीपासूनची मापं दिसतील असे. दहा वर्षांनी गिझरचा स्टँड ठोकताना तेच फोटो शोधाल.

आणि मे महिन्यात घर बंद करून गावी जाणार असाल, तर निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वरून दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा पापुद्रा पाणी वाळू देत नाही. माझ्या घरी कुलूप लावायच्या आधी चपला घालून हे काम मीच करतो. पोरं हसतात, पण जूनमध्ये दार उघडल्यावर नाक धरायची वेळ येत नाही.